पेनड्राइव्हवरून हायपरव्हायजर बूट करणे

सर्व्हरमधल्या हार्ड डिस्कला हात न लावता एखाद्या पेनड्राइव्हवर किंवा एसडी कार्डावर हायपरव्हायजर बसवायचा आणि सर्व्हर त्यावरून सुरू करायचा, अशी ही पद्धत. एकाच यंत्राची रॅम, प्रोसेसर आणि साठवण वाटून देऊन त्यावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘व्हीएम’, चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे हायपरव्हायजर. व्हीएमवेअर या कंपनीच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरमुळे ही पद्धत जगभर रुळली. २०२१ पासून खुद्द व्हीएमवेअरनेच तिच्यातून अंग काढून घेतले, तरी जुन्या सर्व्हरांत ती आजही भेटते. गोव्यातल्या छोट्या कचेऱ्याही त्याला अपवाद नाहीत.

व्हीएमवेअरच्या आधीच्या ईएसएक्स प्रणालीला लिनक्सवर आधारलेला एक ‘सर्व्हिस कन्सोल’, म्हणजे देखभालीची वेगळी प्रणाली, जोडलेला असे आणि तो बराच जागा खाई. २००७ मध्ये तो कन्सोल काढून टाकलेली आवृत्ती जाहीर झाली. तिचा गाभा अवघा ३२ मेगाबाइटांचा असल्याचे कंपनीने सांगितले होते. एवढीशी चीज ठेवायला अख्खी डिस्क कशाला अडवायची, हा विचार साहजिकच होता. जुलै २००८ मध्ये ईएसएक्सआय फुकट मिळू लागला, २०११ च्या पाचव्या आवृत्तीपासून जुना ईएसएक्स बंदच झाला. सर्व्हर बनवणाऱ्यांनीही साथ दिली. मदरबोर्डवर, पेटीच्या आत, एक यूएसबी पोर्ट देण्याची रीत पडली. डेलने दोन एसडी कार्डांवर एकच मजकूर लिहिणारे मॉड्यूल आणले, एचपीनेही तशी जोडकार्डे दिली.

हे सगळे चालते कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पद्धतीचे गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून निघतात. सर्व्हर चालू होताना पेनड्राइव्हवरच्या ‘बूटबँक’ या कप्प्यातल्या दाबून ठेवलेल्या फायली वाचल्या जातात, रॅममध्ये उलगडल्या जातात, आणि तिथून पुढे प्रणाली रॅममध्येच राहते. पेनड्राइव्हला मग फारसे काम उरत नाही. तासातून एकदा मांडणीतले, म्हणजे सेटिंगांमधले, बदल एका छोट्या गठड्यात बांधून त्यावर ठेवले जातात, बस्स. बूटबँका दोन असतात. पाचव्या-सहाव्या आवृत्तीत प्रत्येकी २५० मेगाबाइटांच्या. नवी आवृत्ती दुसऱ्या बँकेत उतरते. ती फसली तर सुरू होताना शिफ्ट आणि आर दाबून आधीच्या बँकेवर परतता येते. ही सोय ज्याच्या कामी आली आहे, तो तिला विसरत नाही. व्हीएमच्या स्वतःच्या डिस्का पेनड्राइव्हवर नसतातच, त्या सर्व्हरच्या हार्ड डिस्कांवर किंवा नेटवर्कवरच्या साठवणीत असतात.

लॉगची, म्हणजे सर्व्हरमध्ये काय घडले त्याच्या नोंदींची, तऱ्हा वेगळी. यूएसबीवरून बूट केलेल्या त्या आवृत्त्यांत लॉगसाठी पेनड्राइव्हवर कायमची जागा राखली जात नसे. लॉग रॅममध्ये राहत आणि रीबूट झाला की पुसले जात. म्हणजे सर्व्हर का पडला हे सांगणारा कागद सर्व्हर पडताक्षणीच जळून जाई. म्हणून जाणकार माणूस लॉगची जागा हार्ड डिस्कवरच्या फोल्डरात वळवून ठेवी. बाकीचे तसेच पुढे जात.

फायदा उघड आहे. दोन-चार डिस्कांचे सगळे खण डेटासाठी मोकळे राहतात, हायपरव्हायजरसाठी वेगळा रेड (एक डिस्क गेली तरी चालू राहणारी डिस्कांची जोडणी) लागत नाही आणि एक जादा पेनड्राइव्ह तयार करून टेबलाच्या खणात ठेवता येतो. मडगाव, फोंडा, म्हापसा इथल्या सनदी लेखापालांच्या कचेऱ्या, दवाखाने, छोटी हॉटेले, वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतले लहान कारखाने यांना हाच हिशेब पटतो. कोपऱ्यात एक टॉवर सर्व्हर, त्यावर टॅलीची एक व्हीएम, फायलींची एक, आणि तिसरी ‘असू दे’ म्हणून ठेवलेली.

आता दोषाकडे. फ्लॅश स्मृतीत लिहिण्याआधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो आणि प्रत्येक ठोकळ्याला पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते. एका पेशीत तीन बिट कोंबणाऱ्या टीएलसी प्रकारात ती साधारण हजाराच्या घरात, तर एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या महागड्या एसएलसीत लाखाच्या आसपास. एसएसडीतला नियंत्रक ही झीज सगळ्या ठोकळ्यांवर वाटून देतो आणि आपली प्रकृती कळवतो. बाजारातला स्वस्त पेनड्राइव्ह बहुधा यातले काहीच धड करत नाही. तो मरतो तेव्हाही सर्व्हर चालूच राहतो, कारण प्रणाली रॅममध्ये असते. बूट साधनाशी संपर्क तुटल्याचा इशारा व्यवस्थापनाच्या पडद्यावर उमटतो, पण चार माणसांच्या कचेरीत तो पडदा उघडतो कोण? बिंग फुटते ते पुढच्या रीबूटला.

गोव्यात हा रीबूट केव्हा येईल हे आपल्या हातात नसते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. माडाची झावळ तारांवर पडली की लाइट जाते आणि यूपीएसची जुनी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते. हवेतली ओल आणि समुद्राकडचा खारेपणा धातूला सोडत नाही.

प्रस्तुत लेखकाने फोंड्यातल्या एका कचेरीत असा सर्व्हर उघडला होता. चवथीची सुट्टी म्हणून तो वर्षभरात पहिल्यांदा रीतसर बंद केला गेला होता. सुट्टी संपवून चालू केला तर काळ्या पडद्यावर ‘बूट होण्याजोगे साधन नाही’ अशा अर्थाची एकच ओळ. आतल्या पोर्टातला आठ जीबीचा पेनड्राइव्ह काढला. टोकाच्या चार पट्ट्यांवर हिरवट कीट चढली होती, अंगावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेली, आता अर्धी उडालेली तारीख. हिशेब बघणाऱ्या काकूंचे म्हणणे एकच: ‘‘अरे, चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत बरा चालत होता रे!’’ काकू खरेच सांगत होत्या. फक्त पेनड्राइव्ह त्याच्या किती आधी गेला होता, ते कोणाला कळले नव्हते. डेटा डिस्कांवर सुखरूप होता. नव्या पेनड्राइव्हवर हायपरव्हायजर बसवायला अर्धा तास गेला, व्हीएम पुन्हा नोंदवायला त्याहून कमी. सबंध दुपार खाल्ली ती नेटवर्कच्या मांडणीने, कारण आभासी स्विचची नावे आणि आयपी पत्ते कोणी कुठेच लिहून ठेवले नव्हते.

एप्रिल २०२० च्या सातव्या आवृत्तीने कप्प्यांची रचनाच बदलली. लॉग, व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत बसवायच्या मदतनीस प्रोग्रामांच्या फायली) वगैरे एकाच मोठ्या भागात आले आणि त्यावर सतत लिहिणे सुरू झाले. किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह अजून चालत होता, पण सोबत ३२ जीबीची कायमची डिस्क हवी, अशी अट आली. २०२१ मधल्या दुसऱ्या अपडेटनंतर एसडी कार्डे भराभर बिघडण्याच्या, चालू सर्व्हरला मधेच बूटबँक न सापडण्याच्या तक्रारी वाढल्या. व्हीएमवेअर टूल्स रॅममध्ये हलवण्याचा उपाय सुचवला गेला. त्याच वर्षीच्या तिसऱ्या अपडेटमध्ये निव्वळ यूएसबी-एसडीवर चालणे मावळतीला लागल्याचे कंपनीने सांगितले. खरे तर दोष पेनड्राइव्हचा नव्हता. न लिहिण्याच्या बोलीवर तो घेतलेला होता आणि ती बोली प्रणालीने मोडली.

पुढे ब्रॉडकॉम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली. फुकट ईएसएक्सआय २०२४ च्या सुरुवातीला बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा मिळू लागला. मधल्या काळात अनेकांनी प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायजरची वाट धरली. तिथे ही जुनी सवय नेऊ नये. प्रॉक्समॉक्स डेबियन या लिनक्स प्रणालीवर उभा आहे, तो लॉग, आलेखांचे आकडे आणि मांडणीचा साठा सतत डिस्कवर लिहीत असतो; साधा पेनड्राइव्ह त्याला पुरत नाही. स्मार्टओएस हा आणखी एक हायपरव्हायजर मात्र पेनड्राइव्हवरून उठून रॅममध्ये राहण्यासाठीच रचलेला आहे. साठवणीच्या सर्व्हरांसाठीची अनरेड प्रणालीही तशीच, तिचा तर परवानाच पेनड्राइव्हच्या ओळखक्रमांकाशी बांधला जात आला आहे.

नवीन सर्व्हर घेताना आता बूटसाठी मदरबोर्डवर किंवा जोडकार्डावर बसणारी छोटी एम.टू एसएसडी घेतात, जमल्यास दोन, आणि पेनड्राइव्ह इन्स्टॉलरपुरता उरतो. जुना ईएसएक्सआय पेनड्राइव्हवरच चालवायचा असेल तर मे महिन्यात, पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा घरचा साठा) भरतानाच, त्याचीही बेगमी करावी: मांडणीची बॅकअप फाइल दुसऱ्या यंत्रावर, आयपी पत्ते आणि स्विचची नावे वहीत, तयार केलेला जादा पेनड्राइव्ह झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह, आणि एखाद्या शनिवारी कचेरी सुटल्यावर सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करून पाहणे.