चालू बिल आणि थकबाकी: भारत-अमेरिकेच्या उत्सर्जनाचे दोन वाटे

हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा. एका वर्षाच्या हिशेबात अमेरिकेचा वाटा सुमारे ११ टक्के, आपला ८ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचून ‘म्हणजे आपण जवळजवळ बरोबरीलाच आलो की’ असं म्हणणारे दर हवामान परिषदेच्या वेळी भेटतात.

मुंबईतल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीत चालू महिन्याचं बिल आणि थकबाकी हे दोन वेगळे रकाने असतात. वरचे आकडे चालू बिलाचे. थकबाकीच्या रकान्यात चित्र पार बदलतं. औद्योगिक क्रांतीपासून कोळसा, तेल आणि वायू जाळून जगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा तीन-साडेतीन टक्के.

थकबाकी मोजायची कारण हा वायू लवकर जात नाही. त्याचा बराचसा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो, त्यामुळे १९२० साली जाळलेला कोळसा आजही तापमानात भर घालतोच आहे. मिथेनचं तसं नाही. गुरं, भातखाचरं आणि देवनारसारख्या कचराभूमीतून निघणारा हा वायू साधारण बारा वर्षांत विरतो. तोवर मात्र कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. इथे एक खाच आहे, जी बातम्यांत सहसा सांगितली जात नाही. वर्षाच्या ८ टक्क्यांत मिथेनही धरलेला असतो, साचलेल्या साडेतीन टक्क्यांत फक्त कार्बन डायऑक्साइड. दोन्ही आकडे शेजारी ठेवताना निदान एवढं तरी लिहावं.

आणि टक्केवारी घटली म्हणजे धूर घटला, असंही समजू नये. १९९० मध्ये जगाच्या वार्षिक कार्बन डायऑक्साइडपैकी २० टक्क्यांहून जास्त अमेरिकेचा होता, आता १३च्या आसपास आहे. प्रत्यक्षात टनांमध्ये तो तेव्हाही पाच अब्जांच्या आसपास होता, आजही तसाच. वाढला तो भागाकारातला छेद, म्हणजे बाकी जगाचा, मुख्यतः चीनचा, धूर.

माणशी हिशेब केला की अंतर पुन्हा ताणलं जातं: सगळे वायू धरून अमेरिकन माणसामागे वर्षाला १७-१८ टन, भारतीयामागे तीनच्या आत. हा आकडा आपल्याकडे फार आवडीने सांगितला जातो. मला त्याची थोडी धास्ती वाटते, कारण ती सरासरी आहे. मलबार हिलवरचा चार एसींचा फ्लॅट आणि गोवंडीतली पंखा-बल्बची खोली, दोघांच्याही नावावर तेच तीन टन पडतात. वीज मात्र दोघांकडे बरीचशी कोळशाचीच येते.