इंधन संपतंय हे सांगितलं होतं, तरीही

२८ डिसेंबर १९७८ची संध्याकाळ. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान १८९ जणांना घेऊन अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ पोचलं होतं. चाकं बाहेर काढताना जोराचा हादरा बसला आणि चाकं पक्की झाल्याचा दिवा काही लागेना. कॅप्टन मुरलेला वैमानिक. त्यानं विमानतळाभोवती घिरट्या घालत बिघाडाचा शोध घेतला, प्रवाशांची तयारी करून घेतली. यात जवळपास तास गेला. मग एकामागून एक इंजिनं बंद पडली. बिघाडामुळे नाही, टाक्या कोरड्या पडल्या म्हणून. विमान वस्तीलगतच्या झाडीत कोसळलं आणि दहा जण दगावले.

त्या दहांमध्ये फ्लाइट इंजिनिअरही होता. इंधनाचे घसरते आकडे त्यानेच सांगितले होते. कॅप्टननं आणखी पंधरा मिनिटांचा हिशेब मांडला, तेव्हा ‘तेवढ्यात इंधन फारच खाली जाईल’ असंही तो म्हणाला होता. पण इंजिनं आचके देऊ लागेपर्यंत ‘आता उतरायलाच हवं’ असा आग्रह कुणी धरला नाही. वरिष्ठांसमोर धोक्याची सूचनासुद्धा नुसती माहिती होऊन बाहेर पडते. ‘साहेब, जरा बघता का?’ हे आपल्यापैकी किती जणांनी म्हटलं असेल!

तपास अहवालानं कॅप्टनला दोष दिला, पण तिथेच न थांबता सहकाऱ्यांना ठामपणे बोलायला आणि कॅप्टनना ऐकून घ्यायला शिकवा, अशी शिफारस केली. मला हा अहवाल फार मोलाचा वाटतो. एका माणसावर ठपका ठेवून फाइल मिटवणं सोपं होतं. १९७९मध्ये नासानं याच विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१मध्ये युनायटेडनं वैमानिकांसाठी असं प्रशिक्षण सुरू केलं.

नासाच्याच संशोधकांचा १९८६चा एक प्रयोग मात्र सगळ्यांना चकवणारा ठरला. काही दिवसांची ड्यूटी एकत्र संपवून आलेले दमलेले वैमानिक आणि विश्रांती घेऊन आलेले ताजेतवाने वैमानिक यांना सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्रात, बसवलं. दमलेल्यांच्या गंभीर चुका कमी निघाल्या! ते नुकतेच एकमेकांबरोबर उडाले होते. कोण कधी काय बोलेल, कुणाचं गप्प बसणं कशाचं लक्षण आहे, हे त्यांना ठाऊक झालं होतं. संघ बांधायचा तर एकत्र काम केलेले दिवस लागतात, ते एखाद्या शिबिरात मिळत नाहीत.

१९ जुलै १९८९ला युनायटेडच्याच डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. विमान वळवण्याचं एकही नेहमीचं साधन उरलं नाही. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचे प्रशिक्षक-वैमानिक होते. ते मदतीला आले, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, त्यांच्या हाती दिले. चौघं सतत बोलत, एकमेकांना विचारत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत घेऊन गेले. विमान आपटून मोडलं, ११२ जण गेले, पण २९६पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी याचं श्रेय त्या प्रशिक्षणाला दिलं. आम्हा चौघांचा उड्डाणाचा अनुभव मिळून १०३ वर्षांचा होता, पण असं विमान उतरवण्याचा सराव कुणालाच एका मिनिटाचाही नव्हता, असं ते पुढे व्याख्यानांतून सांगत.