मोडी घरगुती पत्र

मोडी घरगुती पत्र : मोडी लिपीत बोरूने लिहिलेले, कुटुंबातील माणसांनी एकमेकांना पाठवलेले खासगी पत्र. वतनदार, कुलकर्णी, सावकार व भिक्षुक घराण्यांच्या दप्तरांत अशी पत्रे वतनपत्रे, महजर (सभेने दिलेला निवाड्याचा कागद), गहाणखते यांच्या जोडीने एकाच रुमालात बांधलेली सापडतात. सरकारी पत्रावर असतो तसा शिक्का वा ‘मोर्तबसुद’ (पत्र संपल्याची मुद्रा) त्यांवर नसते. जमिनीच्या वादात त्यांना पुरावा म्हणून फारसे वजन नव्हते, आणि म्हणूनच ती मोकळेपणाने लिहिलेली आहेत. कोणाचा हक्क मान्य झाला हे महजर सांगतो. तो मान्य का करावा लागला, घरात कोण रुसले, कोणी शेत गहाण टाकून मुलीचे लग्न केले, हे फक्त अशा पत्रात येते.

रचना : कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ अथवा कुलदेवतेचे नाव, मग मायना. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, सवाष्णीस ‘सौभाग्यवती वज्रचुडेमंडित’, विधवेस ‘गंगाभागीरथी’. मायन्यावरून नाते कळते, पण ते नेमके असेलच असे नाही. ‘तीर्थरूप’ चुलत्यालाही लिहीत. पुढे ठरीव वाक्य : ‘येथील कुशल जाणून स्वकीय लिहीत जावे. विशेष.’ या ‘विशेष’नंतर खरे पत्र सुरू होते. लेखक आधी कागदाच्या रुंदीभर शिरोरेषा ओढतो व अक्षरे तिला लटकवत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाही. नवख्या वाचकाने आधी ‘विशेष’ आणि शेवटचे ‘कळावे’ ही दोन ठिकाणे शोधावीत. मजकूर त्यांच्या मध्ये असतो.

कालनिर्णय : घरगुती पत्रांची सर्वांत मोठी अडचण ही आहे. दरबारी पत्रात बहुधा शुहूर सन (दख्खनेतील एक सौर कालगणना) असतो व तो अरबी संख्यावाचकांनी, एकं स्थानापासून उलट क्रमाने लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. मृग नक्षत्रात सूर्य शिरला की हे वर्ष पालटते, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्यामुळे वरील सन जून १७६० च्या सुमारास सुरू होतो आणि जानेवारी १७६१ मधील पानिपतची लढाई त्यातच पडते. दख्खनी फसली, म्हणजे शेतसाऱ्याचा, सन याच ऋतूत बदलतो, मात्र त्याचा आकडा नऊने पुढे असतो. नुसता आकडा असलेल्या कागदात हे दोन सन एकमेकांत मिसळून नऊ वर्षांची चूक झाल्याची उदाहरणे छापील साधनांतही आहेत.

शुहूर सनाच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. हा सन महंमद तुघलकाच्या अमदानीत, सु. १३४४ मध्ये, शेतसाऱ्याच्या सोयीसाठी दख्खनेत सुरू झाला, हे मत रूढ आहे. हिजरी ७४५ व शुहूर ७४५ ही वर्षे जुळतात, हा त्याचा मुख्य आधार. परंतु या गणिताने दोन्ही सन त्या वर्षी एकत्र होते एवढेच ठरते. फर्मान त्याच वर्षी निघाले, असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही अन्य तर्कांपेक्षा हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आणखी एक खोच ध्यानात घ्यावी लागते. शुहूर वर्ष सौर असले, तरी त्यासोबत येणारा महिना व ‘छ’ या चिन्हाने दाखवलेला दिवस हिजरी, म्हणजे चांद्र असतो. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने काही हिजरी तारखा एकाच शुहूर वर्षात दोनदा येतात, एकदा वर्षारंभी मृग लागताच व एकदा वर्षअखेरीस. अशा वेळी पत्रात पेरणीचा उल्लेख आहे की पेरणीची वाट पाहणे आहे, एवढ्यावरून निर्णय करावा लागतो.

घरगुती पत्रात बहुतेकदा सनच नसतो; ‘मिती ज्येष्ठ शुद्ध पंचमी मंदवार’ इतकेच. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला साल ठाऊक होते. पण वार दिलेला असेल तर ती तिथी मंदवारी, म्हणजे शनिवारी, कोणत्या वर्षांत येते हे जंत्रीवरून (तिथी-तारखांच्या कोष्टकावरून) काढता येते, आणि पत्रातील धारण, म्हणजे धान्याचा भाव, त्या वर्षांपैकी एकाकडे बोट दाखवते.

जमीन : पत्रांत शेत नावाने येते : मळा, पट्टी, आंब्याचे, विहिरीचे, ओढ्यापलीकडचे. क्षेत्र सांगायचेच झाले तर बिघे व चाहूर यांत. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चाहूर, हे कोष्टक. शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची सांगितली जाते. गावाचे दोन भाग, लागवडीची काळी व वस्तीची पांढरी. मिरासदार (जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला) व उपरी (असा हक्क नसलेला, बाहेरून आलेला कसणारा) हा फरक पत्रलेखक कधी समजावून सांगत नाही, पण ‘उपऱ्याने कसली’ या दोन शब्दांत त्याची काळजी कळते.

इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी लावलेली मोजणीपद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि शेताला सर्व्हे नंबर मिळाला. कुटुंबांनी मात्र पुढची दोन-तीन पिढ्या जुनीच नावे लिहिली. आज वारसाला पत्रातले ‘विहिरीचे’ सातबाऱ्यावर शोधायचे असेल, तर आकारबंद (क्षेत्र व साऱ्याची नोंद), फाळणी (पोटहिश्श्यांची नोंद) व फेरफार (हक्कबदलाची नोंद) यांतून मागे जावे लागते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. १९४८ च्या कूळकायद्यानंतरच्या व विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या (या दिवशी कुळे जमिनीची मालक मानली गेली) आसपासच्या पत्रांत भाषा बदलते; शहरात नोकरी करणारा भाऊ गावच्या भावाला कुळाविषयी विचारतो. तोपर्यंत मोडी सुटून बालबोध, म्हणजे देवनागरी, आलेली असते.

कसब्यातील (बाजारपेठेच्या गावातील) जीवन : बाजाराचा वार, पेठेतील उधारी, जत्रा, पटकीची साथ, कोणाचा वाडा पडला हे सर्व जमिनीच्या मजकुरामागून एकेका ओळीत येते. जोंधळ्याचे माप पायली-मणात. मणाच्या पायल्या गावागणिक बदलत, त्यामुळे दोन कसब्यांतील धारणेची तुलना जपून करावी.

टपाल : पूर्वी पत्र जासुदाबरोबर (निरोप्याबरोबर), नाहीतर यात्रेकरू वा वऱ्हाडी मंडळींच्या हाती जाई. १८५४ मध्ये हिंदुस्थानभर एकसारखे टपालदर व तिकिटे आली, १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले. कार्डाने मायना आखडला : ‘शि. सा. न. वि. वि.’ एवढ्यात शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष उरकू लागले. वाटणीचा वा कर्जाचा मजकूर मात्र पाकिटातच जात असावा; कार्ड वाटेत कोणीही वाचे.

मृत्यूची वार्ता आणणारे पत्र वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, अशी रीत होती. त्यामुळे दप्तरांत हळदकुंकवाची बोटे लागलेल्या लग्नपत्रिका व बारशाची पत्रे मिळतात, मृत्यूची क्वचितच. वारसा बदलतो तो नेमका याच क्षणी. एका पत्रात आजोबा खळ्यावर उभे असतात, पुढच्यात त्यांच्या नावाने श्राद्धाचा खर्च मांडलेला असतो, आणि मधला कागद नसतो. जमिनीचा इतिहास लावणाऱ्याने ही रिकामी जागा हरवलेला कागद म्हणून शोधत बसू नये.

संग्रह : पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे सुमारे ३५ हजार रुमाल प्रामुख्याने सरकारी आहेत. घरगुती पत्रे अधिक करून भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०, पुणे) व धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथे, तसेच खासगी वाड्यांत आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदांचा मोठा साठा आहे. टिकलेली पत्रे लिहित्या घराण्यांची. कुणबी व बलुतेदारांचा आवाज त्यांत दुसऱ्याच्या हस्ताक्षरातून येतो, खाली पाटलाच्या नांगरासारखी एखादी निशाणी. स्त्रियांची स्वहस्ताक्षरातील पत्रे थोडी आहेत. कुलकर्ण्याने लिहून दिलेल्या पत्रात बाईचे बोलणे सुरू झाले की मायन्याची भाषा गळून पडते व वाक्ये आखूड होतात.