साउंड इन्सुलेशन रेटिंग आणि शेजारचा आवाज

भिंत, स्लॅब किंवा दरवाजा आवाज किती अडवतो ते एका आकड्यात सांगायची पद्धत. अमेरिकेत या आकड्याला एसटीसी (साउंड ट्रान्समिशन क्लास) म्हणतात, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेत आरडब्ल्यू. आकडा मोठा तेवढी भिंत चांगली. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या सोसायटीत राहणाऱ्याला रात्री जे ऐकू येतं, ते या आकड्यात अर्धवटच उतरतं.

आकडा काढताना १६ फ्रिक्वेन्सी पट्ट्यांत भिंतीने किती डेसिबल अडवले ते मोजतात, त्यावर एक ठरलेली वक्ररेषा खालीवर सरकवतात, एकूण तूट (भिंत रेषेपेक्षा जिथे कमी पडते ते सगळे डेसिबल मिळून) ३२ डेसिबलच्या आत राहील अशी जास्तीत जास्त वर नेतात, मग ५०० हर्ट्झला रेषा जिथे असेल तो आकडा. एसटीसी १२५ ते ४००० हर्ट्झ बघते, आरडब्ल्यू १०० ते ३१५०. एसटीसीत आणखी एक अट, कुठल्याही एका पट्टीत तूट ८ डेसिबलपेक्षा जास्त नको.

ही वक्ररेषा आली कुठून यावर मतं वेगळी आहेत. एक मत असं की १९५० च्या दशकातल्या जर्मन मानकात प्लास्टर केलेली साधारण २५ सेंमीची विटेची भिंत आदर्श धरली आणि तिचाच आकार पुढे सगळीकडे गेला. दुसरं मत डच संशोधक व्हॅन डेन आइक यांच्याकडे बोट दाखवतं, त्यांनी त्याच दशकाच्या शेवटी शेजारच्या रेडिओच्या आवाजावर काम केलं होतं. कॅनडाच्या नॉर्थवुड यांनी १९६२ मध्ये एसटीसीची मांडणी केली तेव्हा बहुधा दोन्ही धागे हाताशी असावेत. पहिलं मत जास्त पटतं, रेषेचा आकार जड विटेच्या भिंतीशी जुळतो म्हणून. काहीही असलं तरी रेषा बोलणं आणि रेडिओ यांच्यासाठी बसते, सबवूफरसाठी नाही.

त्यामुळे १९९६ च्या आयएसओ ७१७ मध्ये मूळ आकड्यात मिळवायच्या सी आणि सीटीआर (दुसरी रहदारीच्या आवाजासाठी) अशा दुरुस्त्या आल्या, त्यांत हवं तर खाली ५० हर्ट्झपर्यंत जाता येतं. स्वीडनने १९९९ मध्ये घरांसाठी ५० हर्ट्झ धरायला सुरुवात केली. कॅनडातच पार्क आणि ब्रॅडली यांनी लोकांना आवाज ऐकवून तपासलं, तेव्हा ८ डेसिबलची अट काढली की एसटीसी लोकांच्या मताशी जास्त जुळते असं दिसलं.

वरच्या मजल्याचे धप्प आवाज तर या आकड्यात येतच नाहीत, त्याला वेगळं मोजमाप, वरच्या स्लॅबवर ठोकणारं यंत्र ठेवून खाली आवाज मोजायचा: ५ हातोडे, प्रत्येकी ५०० ग्रॅम, ४ सेंमीवरून पडणारे, सेकंदाला १० ठोके. खलबत्ता किंवा खुर्ची सरकवणं याने बऱ्यापैकी पकडलं जातं, पण अनवाणी धावणारं पोर नाही, म्हणून जपान-कोरियात अडीच किलोचा रबरी चेंडू १ मीटरवरून टाकतात. आपल्याकडे स्लॅबवर थेट टाइल्स, मध्ये मऊ थर नाही, त्यामुळे हा त्रास खरा मोठा.

मायवान पद्धतीच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती-स्लॅब एकत्र ओतलेल्या) काँक्रीट भिंती जड, बोलणं चांगलं अडवतात, पण सगळी इमारत एकसंध असल्याने ड्रिलिंग चार मजले खालीही ऐकू येतं. एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटची) चार इंची भिंत हलकी, म्हणून कमी अडवते. शिवाय भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावलेले स्विचबोर्ड, बाथरूमची डक्ट, मेन डोअरखालची फट, आवाज इकडून वळसा घालून येतो आणि लॅबमध्ये ५० मिळालेली भिंत जागेवर ४५ सुद्धा देते. हायवेच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये ट्रकच्या आवाजात शेजारचा टीव्ही बुडून जातो, टेकडीकडच्या शांत फ्लॅटमध्ये त्याच भिंतीतून तो स्पष्ट कळतो. आकडा तोच राहतो.

राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ८ मध्ये ध्वनीवर वेगळा विभाग आहे. प्रत्यक्ष घरात मोजायचं तर आयएसओ १६२८३ हे मानक, त्यात २५ घनमीटरपेक्षा लहान खोलीत खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी कोपऱ्यांतही मोजावं लागतं, आणि इकडची १० बाय ९ ची, ९ फूट उंचीची बेडरूम जेमतेम २३ घनमीटर भरते.