रॉटन (इंग्रजी विशेषण)

रॉटन म्हणजे सडका, कुजका, नासका. जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द आहे. शाळेत आपण रॉटन म्हणजे सडका एवढंच पाठ करतो आणि तिथंच घोळ होतो, कारण मराठीत प्रत्येक वस्तूला तिचा वेगळा शब्द आहे. कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटला सकाळी क्रेट उपसताना खालचा टोमॅटो बोटाला लिबलिबीत लागतो, पाणी सुटलेलं असतं, वर पांढरी बुरशी, तो सडलेला, तिथं रॉटन अगदी बरोबर बसतं. पण दूध नासतं, कालची आमटी विटते, पाव बुरसतो, खोबरं खवट होतं, आणि या सगळ्याला इंग्रजीतही सावर, मोल्डी, रॅन्सिड असे वेगळे शब्द आहेत, सरसकट रॉटन नाही चालत. अंडी, मासे, मटण, लाकूड, किडलेले दात, इथं बिनधास्त वापरा. रॉटन अंड्याचा तो वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो, अंड्यातली गंधक असलेली प्रथिनं फुटली की तो तयार होतो.

माणसाला, नशिबाला, तब्येतीला लावलं की अर्थ नुसता वाईट एवढाच. रॉटन लक म्हणजे फुटकं नशीब, आय फील रॉटन म्हणजे लई कसंतरी होतंय, स्पॉइल्ड रॉटन म्हणजे लाडानं पार बिघडवलेलं पोरगं. रॉटन ॲपलला आपल्याकडं नासका आंबा आहे, एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, आणि ते खरंच आहे, पिकलेल्या फळातून इथिलीन वायू सुटतो, शेजारची फळं भराभर पिकतात आणि बुरशीही पसरते. ब्रिटनमध्ये मतदार जवळजवळ उरलेच नव्हते तरी खासदार निवडून देणाऱ्या मतदारसंघांना रॉटन बरो म्हणायचे, ओल्ड सॅरम या अशाच एका मतदारसंघाचे तर दोन खासदार होते, १८३२ च्या कायद्यानं ते बंद झालं.

एक फरक मात्र शेतकऱ्याच्या पोरानं लक्षात ठेवावाच. २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठचा ऊस पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसून कुजला, ते नुकसान. पण उन्हाळ्यात रानात टाकतो ते शेणखत चांगलं कुजलेलंच लागतं, काळं, भुसभुशीत, वास गेलेलं. मराठीत दोन्हीकडं कुजणं एकच, इंग्रजीत मात्र त्या खताला रॉटन म्हणत नाहीत, वेल-रॉटेड म्हणतात.