साखर कारखान्यांचा ईडीपी विभाग आणि क्लाउड : पार्श्वभूमी

ऊसबिलाचं तयार सॉफ्टवेअर बाजारात मिळत नव्हतं, तेव्हापासून सांगली-साताऱ्याचे कारखाने आपले प्रोग्राम आपणच लिहीत आले. ऊसनोंद, तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली, पंधरवड्याचं बिल, या सगळ्याची प्रत्येक कारखान्याची रीत निराळी. ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम 1966 च्या आदेशातला. बिल अडलं की ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, म्हणजे कारखान्याचा संगणक) विभागाचा फोन खणखणायला लागायचा. फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेलं ते काम ओबडधोबड असे, पण शेती ऑफिसला हवा तो बदल संध्याकाळपर्यंत होऊन जायचा. 2007 मध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर झालं, जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला सपोर्टही थांबला. प्रोग्राम चालूच राहिले, कारण ते लिहिणारे अजून नोकरीत होते.

तासावर भाड्याने सर्व्हर मिळण्याची सोय, म्हणजे क्लाउड, अमेरिकेत 2006 मध्ये सुरू झाली. इथे त्याकडे लक्ष जायला दहा-अकरा वर्षं गेली. 2016 मध्ये मुंबईत ॲमेझॉनच्या अशा सेवेची डेटा सेंटरं आली आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी. ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, म्हणजे घरच्या प्रोग्रामला सरकारी यंत्रणेशी थेट बोलणं भाग पडलं. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्यांना 2005 चा पूर आठवत असूनही सर्व्हर दुसरीकडे असावा हे जे पटलं नव्हतं, ते तेव्हा पटलं.

वाद झाला तो पुढच्या पायरीवर: जुना प्रोग्राम आहे तसा उचलून क्लाउडवर ठेवायचा की नव्याने लिहायचा?

उचलणं स्वस्त वाटलं. क्लाउडवर एक विंडोज मशीन भाड्याने घ्यायचं, डीबीएफ फायली (फॉक्सप्रोचा डेटा) तिथे चढवायच्या आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरूनच त्या मशीनचा पडदा उघडून, आत शिरायचं. फायली आणि प्रोग्राम एकाच मशीनवर, म्हणून तो चालतोही. पण इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडला की सगळ्यांना बाहेर काढून तो नव्याने बनवणं सुटत नाही, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती अर्धी कापून येते, आणि उन्हाळ्यात गाळप बंद असलं तरी मशीन चालू ठेवलं तर भाडं चालूच. क्लाउडचा खरा फायदा हंगामापुरती ताकद वाढवून नंतर उतरवण्यात. तो इथे कुणी घेतलाच नाही. पुरापासून बचाव झाला हे खरं, पण याला बदल म्हणणं म्हणजे बिऱ्हाड हलवून घर बांधलं म्हणण्यासारखं आहे.

नव्याने लिहिणाऱ्यांना आधी वजनकाट्याने अडवलं. गाळप जोरात असताना काट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. नेट गेलं म्हणून भरल्या गाडीचं वजन थांबवता येत नाही. त्यामुळे प्रोग्रामचे दोन तुकडे करावे लागले. वजन आणि पावती काट्यावरच्याच मशीनवर, खेप क्रमांकासह. नेट आलं की त्या नोंदी क्लाउडवर जातात. तीच खेप दोनदा पोचली तरी बिलात एकदाच धरायची, ही काळजी क्लाउडवरच्या प्रोग्रामने घ्यायची. एका लॅनवर, म्हणजे कारखान्यातल्या जाळ्यावर, सगळं आहे असं धरून वीस-पंचवीस वर्षं लिहिणाऱ्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ते शिकवायला कारखान्यांनी फारसा खर्च केला नाही. बाहेरच्या कंपनीला काम देणं त्यांना सोपं वाटलं. मग ईडीपीतला माणूस कोड लिहिण्याऐवजी तक्रारीचा तिकीट नंबर घेऊन बसू लागला.

पैशाचा हिशेबही बदलला. सर्व्हर ही एकदाची खरेदी: तीन कोटेशन, संचालक मंडळाचा ठराव, मग घसारा. क्लाउडचं बिल दरमहा येतं आणि वापराप्रमाणे हलतं. ठरावात तर ठोक आकडा लागतो. म्हणून आकडा हंगामातल्या कमाल वापराचा धरला जातो आणि तेवढ्याच क्षमतेचं मशीन वर्षभरासाठी बांधून घेतलं जातं.