आवाजावर हलणारी चित्रं : काम देण्याआधी एवढं वाचा

नाटक, कथकचे कार्यक्रम, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेतली सादरीकरणं, गणपतीतले देखावे आणि छोटी प्रदर्शनं यांसाठी आम्ही आवाज आणि व्हिडिओची कामं करतो. चौकशीला येणारे बहुतेक जण म्हणतात, "मागे पडद्यावर काहीतरी भारी हललं पाहिजे." त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, कशावर हललं पाहिजे? गाणं रेकॉर्डेड असेल आणि नाच दर वेळी त्याच मात्रेवर संपत असेल, तर सरळ व्हिडिओ फाइल करून घ्या. कुठलाही बरा एडिटर ती करून देईल आणि आमच्यापेक्षा स्वस्तात पडेल. समोरचा माणूस आज नक्की काय करणार हे आधी माहीत नसतं, तेव्हा आमचं काम सुरू होतं. तबलजी लय वाढवतो, नट वाक्याआधी थांबतो, देखाव्यासमोरची मुलं ओरडतात आणि पडद्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं.

पॅच म्हणजे काय

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम ओळींनी लिहीत नाहीत, जोडतात. पडद्यावर खोके असतात आणि त्यांना तारा जोडलेल्या असतात. एका खोक्यातून माइकचा आवाज येतो, दुसरा त्याची पातळी मोजतो, तिसरा त्या आकड्यावरून प्रकाश कमी-जास्त करतो. या सगळ्या जोडणीला पॅच म्हणतात. कार्यक्रम चालू असतानाही खोका बदलता येतो, तार काढता येते. तालमीत याचा फायदा मोठा. "जरा निळं करा" म्हटलं की तिथेच निळं होतं, पुढच्या आठवड्याची वाट बघावी लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संगीत संशोधन संस्थेत मॅक्स हे असं जोडणीचं सॉफ्टवेअर तयार केलं. संगणकावर संगीत करण्याचा पाया घालणाऱ्या मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून ते नाव आहे. पुढे १९९६च्या सुमारास पकेट यांनीच त्याच धर्तीचं प्युअर डेटा आणलं. ते फुकट आहे आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. दहा दिवसांच्या देखाव्याला आम्ही बहुधा तेच सुचवतो. मोठा पडदा आणि भरगच्च चित्रं असतील तर टचडिझायनर हे चित्रांसाठीचं खोके-तारांचं सॉफ्टवेअर घेतो. त्याची फुकट आवृत्ती १२८० बाय १२८० पिक्सेलच्या पुढे जात नाही आणि तिकीट लावलेल्या प्रयोगाला ती वापरायची परवानगीही नाही. तिथे परवाना विकत घ्यावा लागतो. तो आम्ही तुमच्याच नावावर घ्यायला सांगतो.

ढोल वाजला की दिवा

मंडळांकडून सगळ्यात जास्त मागणी याची. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आवाजाची पातळी मोजायची आणि ती एका मर्यादेवर गेली की दिवा लावायचा, हा सरळ मार्ग झाला. एकटा तबला असेल तर तो चालतो. पण पथकाचे ढोल सुरू झाले आणि वर ताशाची तर्री आली की पातळी वर जाते ती खाली येतच नाही. दिवा एकदा लागतो आणि लागलेलाच राहतो. म्हणून आवाज किती आहे यापेक्षा तो अचानक किती वाढला हे बघावं लागतं. प्युअर डेटात यासाठी बॉंक नावाचा खोका आहे. तो आवाज खर्जापासून टिपेपर्यंतच्या पट्ट्यांत विभागतो आणि प्रत्येक पट्टीतली उसळी तपासतो. ढोलाचा ठोका खालच्या पट्ट्यांत उसळतो, ताशाची काडी वरच्या, त्यामुळे दोघांना वेगळे दिवे देता येतात. तबल्याचे बोल ओळखायलाही त्याला शिकवता येतं, मात्र त्याच तबल्यावर, त्याच माइकवर आणि त्याच जागी. तबला बदलला की शिकवणी पुन्हा.

माइक ढोलाच्या फार जवळ लावला तर आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजात उसळी दिसत नाही. त्यामुळे माइकची जागा आम्ही ठरवू. सजावटीत तो दिसतो अशी तक्रार दर वर्षी येते. तो दिसणारच.

रात्री दहानंतर स्पीकर बंद करायची जबाबदारीही पॅचवर टाकता येते. घड्याळ बघून तो आवाज बाहेर सोडायचं थांबवतो, माइक मात्र ऐकत राहतो आणि चित्रं चालू राहतात. ज्या दिवशी बारापर्यंत परवानगी असेल ती तारीख आधी कळवा.

उशीर कुठे होतो

नर्तकीने पाय आपटला आणि पडदा उजळला, या दोन्हींत थोडा वेळ जातोच. माइकचा आवाज संगणक तुकड्यातुकड्याने घेतो. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, आणि तुकड्यात २५६ धरले तर एक तुकडा ५.३ मिलिसेकंदांचा होतो. कॅमेऱ्यावरून हालचाल ओळखायची असेल तर सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे एकेका चित्राला ३३ मिलिसेकंद. म्हणून तत्कारासाठी, म्हणजे कथकमधल्या पायांच्या कामासाठी, आम्ही कॅमेरा न लावता रंगमंचाच्या लाकडाला चिकटणारा माइक लावतो. हाताच्या संथ हालचालींना कॅमेरा चालतो.

राहिलेला उशीर बहुतेक वेळा प्रोजेक्टरचा असतो. तिरपा ठेवलेला प्रोजेक्टर बटणाने चौकोनी करत बसलात तर चित्र आणखी रेंगाळू शकतं. तो मुळातच सरळ टांगलेला बरा. २० मीटर मागे बसलेल्याला घुंगरांचा आवाजच ५८ मिलिसेकंदांनी पोचतो, त्यामुळे त्याला काही कळत नाही. पण परीक्षक पहिल्या रांगेत असतात.

फाइल तुमची, पण आवरू नका

काम संपल्यावर पॅचची उघडी फाइल आम्ही देतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून बदल करून घेतलात तरी आमची हरकत नाही. मॅक्समध्ये केलेलं असेल तर ते नुसतं चालवायला परवाना लागत नाही, बदल करून सेव्ह करायला लागतो.

एक विनंती आहे. फाइल उघडून खोके नीटनेटके लावू नका. मॅक्समध्ये एका खोक्यातून दोन तारा निघाल्या की पडद्यावर जो खोका उजवीकडे असेल त्याला निरोप आधी जातो. खोका बोटभर सरकवला की क्रम उलटू शकतो. प्युअर डेटात तारा कोणत्या क्रमाने जोडल्या त्यावर ते ठरतं आणि तो क्रम पडद्यावर दिसतही नाही. महत्त्वाच्या जागी आम्ही क्रम बांधून देणारा ट्रिगर नावाचा खोका घालतो, तरी हात न लावलेला चांगला.

वीज आणि वेळ

संगणकाला यूपीएस लागेलच. मंडपात वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू होऊन पॅच उघडेल, ही सोय आम्ही करून देतो. रात्री दोनला बटण दाबायला मांडवात कुणी जागं असेलच असं नाही. संगणकाला नेट जोडू नका, ऐन प्रयोगात अपडेट सुरू होतं.

नाट्यगृहात मागचा प्रयोग सुटल्यापासून तुमची घंटा होईपर्यंत जेवढा वेळ मिळतो, त्यात पडदा बांधणं, प्रोजेक्टर लावणं आणि माइक तपासणं होत नाही. सकाळचं सत्र जोडून घ्या किंवा आदल्या रात्रीचं. ते जमणार नसेल तर चित्रांचा भाग कमी करू, तसं आधीच सांगा.

पहिल्या भेटीला येताना जागेचे फोटो आणा, त्यातला एक प्रेक्षकांच्या बाजूने काढलेला. प्लग कुठे आहेत तेही त्यात दिसू द्या. तालमीचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तमच, आवाज खराब असला तरी चालेल. आणि ज्याच्या तालावर चित्र हलायचं आहे त्या वादकालाच बरोबर घेऊन या.